१.५९ किलो सांगून १.९२ किलोचा लॅपटॉप दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: संकेतस्थळावर वजन आणि बॅटरीची चुकीची माहिती देऊन लॅपटॉप विकल्याबद्दल, आणि पूर्ण पैसे परत मिळण्याबद्दल

दिनांक: ३ डिसेंबर

महोदय,

आज दुपारी पावणेतीनला तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातव्यांदा बोलणं झालं. माझ्या बाजूने तो शेवटचा फोन. यापुढे जे काही असेल ते लेखी. मॉडेल कोणतं, त्यात काय बसवलंय, बॅटरी केवढी, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. लॅपटॉप तुम्हीच बनवला आहे.

मी डोंबिवलीला राहते. छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. काम सगळं पार्टीच्या, म्हणजे ज्याचा हिशेब त्याच्या, दुकानात बसून. मशीद बंदरला मसाल्याचे दोन व्यापारी, कुर्ल्याला हार्डवेअरचं दुकान, भिवंडीला कापडवाले. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस लॅपटॉप माझ्याबरोबर लोकलने जातो-येतो. सकाळच्या फास्टला डोंबिवलीहून बसायला मिळत नाही. फोर्थ सीट, म्हणजे तिघांच्या बाकावरची चौथी जागा, तीसुद्धा घाटकोपरच्या पुढे कोणी उठलं तर. तोवर पाठीवरची बॅग छातीशी धरून उभं राहायचं, कारण वरचा रॅक कल्याणलाच भरलेला असतो. दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा आखडला होता. बरा झाला, पण फिजिओथेरपीवाल्या बाईंनी बजावून सांगितलं की बॅग साडेतीन किलोच्या वर जाता कामा नये.

म्हणून लॅपटॉप घ्यायच्या आधी मी बाकीची बॅग घरातल्या काट्यावर मोजली. रिकामी बॅग ६०० ग्रॅम. भरलेला डबा ४५०. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली ५५०. पाकीट, छत्री, डायरी, डिजिटल सहीचा डोंगल धरून ३००. एकूण १ किलो ९०० ग्रॅम. लॅपटॉपसाठी उरले १ किलो ६००.

बजेट तीस हजारांचं होतं. तीस हजारांत काय मिळत नाही ते मला माहीत होतं आणि त्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. पडद्याचे रंग फिके आहेत, बाजूने पाहिलं की काळवंडतात. स्पीकरचा आवाज पत्र्यासारखा येतो. कॅमेऱ्यात माणूस धुरकट दिसतो. चालेल. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामला आणि एक्सेलला यातलं काही लागत नाही. मी सोडणार नव्हते त्या दोनच गोष्टी होत्या. एक नमपॅड, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा वेगळा संच, कारण दिवसाला दीडशे-दोनशे व्हाउचर मारायची असतात आणि वरच्या ओळीतले आकडे शोधत बसलं तर संध्याकाळ होते. दुसरी गोष्ट वजन.

या दोन गोष्टी स्वस्तात एकत्र मिळत नाहीत. चौदा इंचीत सहसा नमपॅड नसतो. १५.६ इंचीत असतो, पण या किमतीत तो लॅपटॉप पावणेदोन किलोच्या खाली क्वचित येतो. लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जाऊन मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले साडेबारा इंची लॅपटॉप पाहिले. दणकट होते, हलके होते, बावीस हजारांत मिळत होते. वेगळा यूएसबी नमपॅड लावून बघितला. पण मला बसायला जागा मिळते ती गल्ल्याच्या कोपऱ्यात, एका बाजूला वजनकाटा आणि दुसऱ्या बाजूला बिलबुकं. तिथे दोन वस्तू मावत नाहीत. शिवाय त्या पडद्यावर विवरणपत्राचा तक्ता वाचताना डोळे दुखतात. पंधरा दिवस मी याच विचारात होते: खांदा सांभाळू की हात, वजनाला किती किंमत द्यायची, चौदा इंचीसाठी अकरा हजार जास्त घालावेत का.

मग तुमचं पान समोर आलं. १५.६ इंच, नमपॅड, २८,९९० रुपये, वजन १.५९ किलो, बॅटरी दहा तासांपर्यंत. त्या १.५९ या एका आकड्यावर माझा निर्णय झाला. तो आकडा १.९२ असता तर मी लॅपटॉप घेतला नसता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे आणि बहुतेक सांगावंही लागेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खोकं घरी आलं. लॅपटॉप बाहेर काढतानाच हाताला कळलं. दसरा झाल्यावर मशीद बंदरला गेले आणि शेठजींना म्हटलं, जरा वजन करून द्या. त्यांनी जिऱ्याची थैली बाजूला ठेवली, काट्याचं ताट फडक्याने पुसलं, आकडा शून्यावर आणला आणि लॅपटॉप ठेवला. १.९२०. उचलून परत ठेवला. १.९२०. चार्जर वायरीसकट ठेवला. ०.३९०. त्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे, त्यावर लाखोंची लवंग-वेलची विकली जाते. तिन्ही वेळचे फोटो सोबत जोडले आहेत, शिक्क्याचाही फोटो आहे.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे सात दिवसांची मुदत संपायच्या आत, मी तक्रार नोंदवली. तुम्ही ती दोनदा ‘निराकरण झाले’ म्हणून परस्पर बंद केलीत. एका प्रतिनिधीने सांगितलं, १.५९ हे सर्वांत कमी रॅम आणि स्टोरेजच्या मॉडेलचं वजन आहे. रॅमची पट्टी आणि एसएसडी (स्टोरेजची पट्टी) दोन्ही मिळून पंचवीस ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. ३३० ग्रॅमचा फरक त्यातून कसा येईल? शेवटी मीच शोध घेतला. तुमच्या याच मालिकेतल्या चौदा इंची लॅपटॉपचं पान उघडलं, तर तिथे वजन १.५९ किलो. धाकट्याचं वजन थोरल्याच्या पानावर चिकटवलेलं होतं. चूक कोणाच्याही हातून होते. मी ती मेलवर लिहून कळवली, दोन्ही पानांची छायाचित्रं जोडली. चार दिवसांनी तुमच्या पानावर वजन १.९ किलो झालं. मला उत्तर आलं नाही. पुढच्या फोनला मात्र सांगण्यात आलं की पानावर पहिल्यापासून १.९ किलोच आहे. तुमची चूक दाखवणारी माझी मेल वापरून तुम्ही पान दुरुस्त केलंत आणि मलाच खोटं पाडलंत.

बॅटरीचं थोडक्यात सांगते. विंडोजमध्येच बॅटरीचा अहवाल काढता येतो, तो मी काढला. क्षमता ३८ वॉट-तास. दहा तास चालायचं तर सगळ्या लॅपटॉपने मिळून ताशी ३.८ वॉट-तासच खायला हवेत. टॅली, ब्राउझर आणि वायफाय चालू ठेवून, दुकानात दिसेल एवढा उजेड ठेवला की हा लॅपटॉप ताशी अकरा-साडेअकरा खातो. मला तीन तास वीस मिनिटं मिळतात. तुमच्या ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून दिलं, बॅटरी उत्तम आहे, काही दोष नाही. दोष नाही हे मलाही मान्य आहे. जाहिरात चुकीची आहे. मी दहाचे निम्मे, पाच तास धरले होते, ते मिळाले असते तर चार्जर घरी राहिला असता. खरेदीच्या आधी चॅटवर विचारलं तेव्हा ‘टाइप-सी चार्जिंग होतं’ असं लिहून दिलं होतं, तेही होत नाही. मोबाइलचा चार्जर लावता आला असता तर निदान ३९० ग्रॅमची ही वीट रोज वागवावी लागली नसती. आता बॅग भरते ४ किलो २१० ग्रॅम. ठरवल्यापेक्षा जवळजवळ पाऊण किलो जास्त.

आता आजच्या फोनबद्दल. तो ध्वनिमुद्रित होतो असं तुम्हीच सांगता, म्हणून ऐकून घ्या.

बावीस मिनिटं थांबल्यावर ‘वरिष्ठ’ अधिकाऱ्यांना जोडून दिलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, सातव्यांदा. त्यांनी विचारलं, ‘मॅडम, वजन कशावर केलंत?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘तो काटा आमच्या कंपनीने प्रमाणित केलेला नाही.’ मी म्हटलं, सरकारने केला आहे, आणि तुमच्या पानावरही आता १.९ किलोच आहे, मग वाद कशाचा? यावर ते हसले. हसले हे मी मुद्दाम लिहिते आहे. म्हणाले, ‘मॅडम, तीनशे ग्रॅम म्हणजे काय, दोन सफरचंदं.’ मी खांद्याचं सांगितलं, लोकलचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, ‘लेडीजना जरा जड वाटतोच. बऱ्याच लेडीज कस्टमरची हीच कम्प्लेंट असते.’

माझ्या तोंडून क्षणभर शब्द फुटला नाही. मग मी म्हटलं, काटा बाई-पुरुष बघत नाही. त्यावर, ‘तसं नाही मॅडम, या रेंजमध्ये पोर्टेबिलिटी एक्स्पेक्ट करायची नसते. पोर्टेबिलिटी हवी तर आमची प्रीमियम सिरीज आहे, लिंक पाठवून देतो.’ आणि खरंच पाठवली. फोन चालू असतानाच एसएमएस आला, ७४,९९० रुपयांच्या लॅपटॉपचा.

आमच्या डब्यात मेथी-पालकाची गाठोडी घेऊन बायका चढतात. ओझं झेपत नाही म्हणून मी सात फोन केले नाहीत. तुम्ही लिहिलेला आकडा आणि तुम्ही दिलेली वस्तू जुळत नाही म्हणून केले. बऱ्याच बायकांची हीच तक्रार असेल, तर वजनाची चूक तुमच्या लक्षात किती आधी यायला हवी होती? आणि स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्याला वजन विचारायचा हक्क नाही, हे तुमच्या कोणत्या नियमात आहे? ज्याच्याकडे पंचाहत्तर हजार आहेत तो बहुतेक गाडीने जातो. बॅग छातीशी धरून दादरपर्यंत उभा राहतो तो तीस हजारवाला. हलका लॅपटॉप त्यालाच जास्त लागतो. तुमच्या प्रीमियम सिरीजच्या माणसांनी हे एकदा सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर येऊन पाहावं.

मला वाईट याचं वाटतं की मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात पहिला संगणक मिळाला तो तुमचाच होता. नऊ वर्षं चालला. माझ्या चार पार्ट्यांच्या दुकानांत आज तुमची यंत्रं आहेत, ती माझ्या सांगण्यावरून घेतलेली. पुढच्या वेळी ते मला विचारतील तेव्हा १.५९ आणि १.९२ हे दोन आकडे मी त्यांना सांगणार.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. मला दोन महिने झाले. त्याच नियमांप्रमाणे, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तुमची सात दिवसांची अट त्याच्या आड येत नाही, आणि मी तर त्या सात दिवसांतही कळवलं होतं. फसवी जाहिरात म्हणजे काय ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(२८) मध्ये लिहिलं आहे, तुमच्या कायदा विभागाला माहीत असेलच. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मी आज संध्याकाळी तक्रार नोंदवते आहे. १८ डिसेंबरपर्यंत पैसे आले नाहीत तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी जिथे राहते तिथे दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. कागद जुळवणं हा माझा रोजचा धंदा आहे. बिल, दोन्ही पानांची तारखेसह छायाचित्रं, चॅटची प्रत, काट्याचे फोटो, बॅटरीचा अहवाल, सर्व्हिस सेंटरची पावती, सात फोनच्या वेळा, सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवलं आहे.

मला ३० टक्के सवलतीचं कूपन नको. ‘सदिच्छा म्हणून’ देऊ केलेली लॅपटॉपची बॅगही नको. २८,९९० रुपये पूर्ण परत हवेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. आणि तुमचे प्रतिनिधी जे बोलले त्याबद्दल लेखी माफी हवी, कंपनीच्या लेटरहेडवर. वजन पहिल्यापासून १.९ किलो होतं हे खोटं विधान त्याच पत्रात मागे घ्यावं. १.५९ वाचून ज्यांनी ज्यांनी हा लॅपटॉप घेतला त्या सगळ्यांना तुम्ही कळवायला हवं. तुमच्याकडे त्यांचे पत्ते आहेत, माझ्याकडे नाहीत.

लॅपटॉप चार्जरसकट मूळ खोक्यात भरून ठेवला आहे, माझी सगळी माहिती पुसून. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला आदल्या दिवशी फोन करायला सांगा. ११ आणि २० तारखेला विवरणपत्रांची मुदत असते, त्या दोन दिवशी मी घरी नसते.

आपली,
एक ग्राहक, डोंबिवली (पूर्व)