लाल टोपण की केशरी?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा इन्सुलिनची सुई भरत होते आणि माझी नजर सिरिंजच्या टोपणावर गेली. केशरी! तुमच्याकडे कायम लाल टोपणाच्या असतात. पोटात गोळाच आला. फोनवर घाईघाईत काय सांगितलं ते मलाच आठवत नाही, म्हणून आता सावकाश लिहितेय.

बाबा, तुमच्या बाटल्यांवर 40 आययू छापलंय, म्हणजे एका एमएलमध्ये 40 युनिट. लाल टोपणाची सिरिंज त्याच बाटलीसाठी आखलेली असते. केशरी टोपणाची असते 100 च्या इन्सुलिनसाठी. तिच्यात 20 च्या रेघेपर्यंत भरलं की येतं फक्त 0.2 एमएल, आणि तुमच्या बाटलीतल्या तेवढ्या औषधात असतात 8 युनिट. मेडिकलवाल्याने ही नवी पाकिटं दिली तेव्हापासून महिनाभर तुम्हाला निम्माही डोस मिळत नव्हता. आणि आम्ही दोघी शुगर वाढल्याचं खापर आंब्यावर फोडत बसलो. आईने फोडी मोजून दिल्या, मी फोनवर चिडले. "चोरून काही खात नाही गं मी," म्हणालात, तेही मला पटलं नाही. बाबा, माझं चुकलं.

शुगर उतरेना म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी डोस 26 केला होता. लाल सिरिंजने 26 घेतले असते तर शुगर धाडकन उतरली असती. सकाळीच त्यांच्याशी बोलले. पुन्हा 20 च सांगितलेत: 8 पाण्यासारखं इन्सुलिन, 12 दुधाळ.

आई, भरताना तू शेजारी बस. दुधाळ बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायची, खळखळ हलवायची नाही. आधी दुधाळ बाटलीत 12 ची हवा सोडायची आणि औषध न घेताच सुई बाहेर काढायची. मग पाण्यासारख्या बाटलीत 8 ची हवा सोडून तिच्यातून 8 घ्यायचे. बुडबुडा दिसला तर टिचकी मारून वर आणायचा आणि बाहेर ढकलायचा. शेवटी दुधाळ, दट्ट्याची वरची काळी कड 20 ला टेकेपर्यंत. क्रम उलटा झाला तर दुधाळ औषध दुसऱ्या बाटलीत उतरतं आणि तिथलं झटपट लागू पडणारं औषध मंदावतं. 20 च्या पुढे गेलं तर जास्तीचं बाटलीत परत ढकलू नका, सगळं टाकून नव्याने भरा. औषध वाया गेलेलं बाबांना सोसत नाही, ठाऊक आहे. तरीही टाका.

आणि फ्रिजच्या दारातलं ते जुनं पेन. त्यातलं इन्सुलिन 100 चं आहे. लाल सिरिंजने त्यातून 20 च्या रेघेपर्यंत ओढलं तर 50 युनिट पोटात जातील. माणूस बेशुद्ध पडतो तेवढ्याने. आजच काढून टाका ते.

लाल टोपणाच्या सिरिंज कुरिअरने पाठवल्यात, उद्या दुपारपर्यंत मिळतील. संध्याकाळची पहिली सुई भरली की टोचण्याआधी मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा. साडेसातला मी फोन हातात घेऊन बसते.

तुमची,
लेक