आमच्या आण्णांच्या अस्थी कुठे आहेत?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी आम्ही आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, देहदान केलं. अर्ज त्यांनी हयातीत स्वतः भरला होता. वैद्यकीय महाविद्यालयातले साहेब हात जोडून म्हणाले होते, "अभ्यास झाला की अस्थी देऊ, रक्षाविसर्जन करा." नंतर एकही फोन आला नाही.

गेल्या आठवड्यात तिथलं शरीररचनेचं संग्रहालय शाळांसाठी खुलं होतं, म्हणून भाचीला घेऊन गेले. टेबलावर एक कवटी होती. तिला कुणीतरी गॉगल घातला होता आणि पोरं फोटो काढत होती. चिठ्ठीवर एवढंच: 'पुरुष, प्रौढ'. ती आण्णांची की दुसऱ्या कुणाची, हे सांगणारं कुणी नव्हतं. कारकुनानं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "नोंद सापडत नाही, ताई."

साहेब, तेव्हापासून मला झोप नाही. आईनं रक्षेसाठी तांब्या घासून ठेवलाय, तिला काय सांगू? "बापाला अग्नी दिला नाही" म्हणून भावकीनं आम्हाला चार वर्षं ऐकवलं. पंचगंगेच्या घाटावर महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते, म्हणजे खर्च वाचवायला आम्ही देह दिला नव्हता. पोरं डॉक्टर व्हावीत म्हणून दिला होता.

१८७० साली आमचे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. तिथं दहनाची रीत नव्हती, तरी त्या शहरानं खास परवानगी देऊन आर्नो नदीकाठी चिता रचू दिली. परक्यांना जे कळलं, ते आपल्याच राज्यात का कळू नये?

आण्णांनी निदान सही केली होती. १९४९ च्या कायद्यानं ज्यांचे बेवारस देह महाविद्यालयांकडे जातात, त्यांना कुणी विचारलं? १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत हा देश माणसांचे सांगाडे परदेशी विकत होता. ती कुणाची हाडं होती? गरिबांचीच. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये नागा माणसाची कवटी लिलावात निघाली, तेव्हा नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि ती लिलावातून काढली गेली. योग्यच झालं. मग आपल्या कपाटांतल्या कवट्यांसाठी कोण पत्र लिहिणार? त्याच इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्यानं मृतदेह प्रदर्शनात ठेवायचा तर त्या माणसानं हयातीत, साक्षीदारासमोर, लेखी संमती दिलेली लागते. इथं माझ्या बापाची साधी नोंद मिळत नाही.

प्रत्येक संग्रहालयातल्या प्रत्येक हाडाची नोंद करायला लावा. ज्यांची संमती नाही, त्यांचे अवशेष सन्मानानं मातीला किंवा अग्नीला द्या. शाळेच्या सहलींना ते दाखवणं आजच थांबवा. आणि आण्णांचं काय झालं, ते मला लेखी कळवा. आई ७८ वर्षांची आहे.

आपली,
एक मुलगी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर