अठरा वर्षांनंतर ऑटिझम कुठे जातो?

मा. संपादक,
नमस्कार. २ एप्रिलला ऑटिझम (स्वमग्नता) दिवस झाला, सगळीकडे लहान मुलांचे फोटो, निळे फुगे वगैरे. चांगलंच आहे ते. पण मी ३६ वर्षांचा आहे, अमळनेरला आडत दुकानावर हिशेब लिहितो, आणि ऑटिझम मलाही आहे. हे कळलं ३४ व्या वर्षी, तेही पुण्याला जाऊन.

तोपर्यंत घरात एकच वाक्य, "हाऊ पोऱ्या असाच शे." आजी मायेने म्हणायची म्हणून राग नाही, पण असाच म्हणजे कसा हे कुणी बघितलंच नाही. लग्नात डीजे सुरू झाला की मी मांडवामागे भरताची वांगी भाजणाऱ्या आचाऱ्यांजवळ जाऊन बसायचो, तिथे धूर असायचा पण आवाज कमी, लोक म्हणायचे माणूसघाणा आहे. दुकानावर कुठे हसायचं, कुठे मान हलवायची हे सगळं दुसऱ्यांकडे बघून बघून पाठ केलेलं, आणि संध्याकाळी घरी आलो की बायकोशी दोन शब्द बोलायचं त्राण नाही. याला मास्किंग म्हणतात हे नंतर कळलं, मी त्याला नोकरी समजत होतो.

आता थेरपीचं. पहिल्या काउन्सेलरने (नाव गाव सांगत नाही) दर वेळी 'माझ्या डोळ्यात बघून बोला' हेच लावलं, आणि घरचा अभ्यास काय तर रोज पाच अनोळखी लोकांशी गप्पा मारा. मी इमानदारीने केलं, वहीत नोंदी ठेवून. तीन महिन्यात झोप उडाली. म्हणजे ज्या नाटकाने थकलो होतो त्याचीच अजून तालीम, वर फी.

दुसऱ्या मॅडम ऑनलाइन भेटल्या. त्या प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवतात, कॅमेरा बंद असला तरी चालतो, मी गप्प बसलो तर मधेच बोलत नाहीत. 'कसं वाटतंय' विचारलं की मला खरंच काही सुचत नाही, म्हणून त्या विचारतात जबडा आवळलाय का, छाती जड आहे का, आणि तिथून हळूहळू कळतं की अरे ही तर भीती आहे. बाकी मग साधंच, कानात बोळे, दुपारचा डबा गोदामात एकट्याने, शेठजींना सांगून ठेवलं की काम तोंडी नको, चिठ्ठीवर द्या. ऑटिझम घालवायचा असं त्यांच्या बोलण्यात कधी येतच नाही, काळजी आणि थकवा कसा कमी होईल एवढंच बघतात.

पण अशी माणसं जळगाव, धुळे, नंदुरबारात शोधायची कुठे? सरकारची बालकांची तपासणी योजना १८ वर्षांपर्यंतच, पुढचं कुणी बघत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे, प्रमाणपत्रही मिळतं, पण त्यासाठी जी ४० प्रश्नांची चाचणी घेतात तिच्यात पहिलाच मुद्दा नजरेला नजर देण्याचा! मी तर ते तीस वर्षं घोकून आलोय, मग ऑटिझम दाखवणारे माझे गुण कमीच भरणार ना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत आहे, लोकांनी जरूर वापरावा, पण अनोळखी माणसाला फोन लावणं हेच ज्याचं दुखणं त्याने काय करायचं?

माझी मागणी फार मोठी नाही. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार मोठ्या माणसांसाठी ठेवा, केसपेपरसोबत प्रश्न छापील द्या, नंबर पुकारायच्या ऐवजी फळ्यावर लिहा, आणि खोलीतला तो कुरकुरणारा पंखा तेवढा दुरुस्त करा.

पत्र छापायच्या आधी काही विचारायचं असेल तर मेसेज करा, फोन नको.

एक वाचक, अमळनेर