तक्रार फक्त डाव्या बुटाची

पुणे
दि. ६ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

विषय: डाव्या बुटाच्या चवड्यावरचे चामडे सैल असल्याने व फिनिश तडकल्याने जोड बदलून अथवा रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्या पुण्यातील दालनातून मी गडद तपकिरी कॅप-टो (टोकावर चामड्याची वेगळी टोपी असलेल्या) ऑक्सफर्ड बुटांचा एक जोड २८,५०० रुपयांना घेतला. वकिलीत तीस वर्षे काळेच बूट झिजवले. आता एक तपकिरी जोड घ्यायचाच तर तो चांगला घ्यावा, असे मनात होते. आपल्या विक्रेत्याने माहितीही मन लावून दिली: फुल-ग्रेन काफ लेदर (वरचा मूळ थर न घासलेले वासराचे चामडे), अ‍ॅनिलिन फिनिश (रंग वर न बसवता चामड्यात मुरवलेला), गुडइयर वेल्ट (सोल जिला शिवतात ती कडेची पट्टी). वर म्हणाला, "साहेब, सोल दोन-तीनदा बदलाल, पण बूट हेच राहतील." या वाक्यावर मी पैसे मोजले आणि याच वाक्यापायी आज हे पत्र लिहितो आहे.

आजवर बूट मोजून सहा वेळा घातले. पावसात एकदाही नाही. दर वेळी काढल्यावर आत लाकडी शू-ट्री (बुटाचा आकार टिकवणारा साचा) घातली आणि मध्ये किमान एक दिवस विश्रांती दिली. डाव्या बुटाच्या चवड्यावर, नाड्यांच्या खाली जिथे पाऊल वाकते तिथे, तिसऱ्याच वेळेपासून ढगळ वळ्या पडू लागल्या. सहाव्या वेळेनंतर त्या वळ्यांच्या माथ्यावर फिनिश केसाएवढ्या रेषांनी तडकले. उजवा बूट तितकाच चालला आहे, त्यावर बारीक, दाट, एकमेकींना चिकटून असलेल्या सुरकुत्या आहेत आणि त्या मला मान्यच आहेत. पाऊल वाकणार तिथे चामड्याला घडी पडणारच. प्रश्न ती घडी कशी पडते याचा आहे.

मी २४ नोव्हेंबरला पहिली ई-मेल केली. आपण फोटो मागितले, मी पाठवले. ३ डिसेंबरला उत्तर आले की ही नैसर्गिक चामड्याची खासियत आहे, दोष नव्हे. त्यानंतर १५ डिसेंबरला तपकिरी क्रीमची एक बाटली आणि पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचे कूपन घरपोच आले. पुढची खरेदी होण्याआधी या खरेदीचे काय ते ठरवावे, अशी विनंती आहे.

चामड्याची नैसर्गिक खूण म्हणजे काय, हे मला थोडेफार कळते. मी कोल्हापुरात वाढलो. आमच्याकडे चप्पल आधी चावायची, मग तिला तेल पाजायचे, मग ती पायाची व्हायची. पट्ट्यावरच्या डागावरून कुणी दुकानदाराशी भांडल्याचे मला आठवत नाही. म्हणूनच सांगतो, याच जोडात आणखी तीन गोष्टी मला दिसल्या होत्या आणि त्यांतल्या एकीबद्दलही मी आपल्याला कळवले नाही. उजव्या टाचेवर तांदळाच्या दाण्याएवढा भरून आलेला व्रण आहे. जनावर जिवंत असताना झालेली जखम ती, चामडे तिथे अखंड आहे, राहू दे. दोन टोप्यांच्या रंगात फरक होता, एकीवर मेण जास्त घासले गेले होते. टर्पेंटाइनचा अगदी हलका हात देऊन ते मेण उतरवले आणि पाण्याच्या थेंबाबरोबर पॉलिश चढवत दोन्ही टोप्या सारख्या करून घेतल्या. एक संध्याकाळ गेली, मजा आली. तिसरी म्हणजे उजव्या बुटाच्या कडेला, वेल्टच्या वर, बोटभर पट्टा क्रीम घेतच नव्हता. तिथे चिकटवण्याच्या सोल्युशनचा पातळ थर सुकून बसला होता. क्रेप रबराच्या तुकड्याने तो अलगद वळवून काढला, क्रीमचे दोन पातळ हात एका दिवसाच्या अंतराने दिले, पट्टा गायब. हे सगळे वरवरचे दोष होते, ते वरूनच निघाले.

डाव्या चवड्याचा दोष वरचा नाही. चामड्याचा वरचा ग्रेनचा थर आणि खालचा तंतूंचा जाड थर एकमेकांना घट्ट धरून असले, तर वाकवल्यावर बारीक सुरकुत्या पडतात. ती पकड ढिली असली की वरचा थर खालच्यापासून सुटून उशीच्या सैल खोळीसारखा गोळा होतो. जनावराच्या पोटाकडचे आणि बगलेकडचे चामडे असे असते, आणि चांगला कटिंग करणारा कारागीर चवड्याचा तुकडा तिथून काढत नाही. जिथे सर्वांत जास्त वाकणे आहे तिथे पाठीकडचे घट्ट चामडे लागते. बगलेकडचे जिभेला चालते, कारण जीभ नाड्यांखाली झाकली जाते. हे आपल्या कारखान्याला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट रंगाची. तडकलेल्या रेषांमध्ये तपकिरी रंग नाही, निळसर राखाडी रंग डोकावतो. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याचा हा मूळचा रंग. म्हणजे डाव्या बुटात रंग चामड्यात मुरलेला नाही, वर बसवला आहे. खात्रीसाठी दोन्ही बुटांच्या कडेवरचे मेण पुसून प्रत्येकी एक पाण्याचा थेंब ठेवला. उजवीकडचा थेंब हळूहळू मुरला, तिथले चामडे गडद झाले आणि सुकल्यावर पूर्ववत झाले. डावीकडचा थेंब अळवाच्या पानावर असावा तसा दहा मिनिटे जागचा हलला नाही. फुल-ग्रेन आणि अ‍ॅनिलिन म्हणून विकलेल्या चामड्याने पाणी असे झटकायला नको. एकाच जोडातले दोन बूट असे वेगळे वागण्याची मला दोनच कारणे सुचतात: दोन तुकडे वेगवेगळ्या चामड्यांचे आहेत, किंवा डावा बूट कारखान्यात रंगाचा जाड थर देऊन सारखा केला आहे. यांतले कोणते, ते आपणच तपासून सांगावे.

आता ती क्रीमची बाटली. क्रीमने भेगेत रंग भरेल, पुढच्या पावलाला भेग पुन्हा उघडेल. त्यावर मेणाचे पॉलिश घासले तर वाकण्याच्या जागी मेणही तडकेल, म्हणून तर आरशासारखे पॉलिश फक्त टोपीवर आणि टाचेवर करतात. ग्रेनचा थर खालच्या थराला परत चिकटवील असे कोणतेही क्रीम, तेल वा मेण नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या चर्मकार काकांना बूट दाखवला. त्यांनी अंगठा दाबला, वळी वर आली, आणि बूट मला परत देत म्हणाले, "सोल असता तर करून दिला असता."

नेमके तेच. वेल्टमुळे सोल बदलता येतो, वरचे चामडे बदलता येत नाही. वरच गेले तर खालची ती सगळी शिलाई कशासाठी?

फोटोंवरून आपला निर्णय असा का आला असावा, याचाही मी विचार केला. त्यात माझी एक चूक आहे. शू-ट्री आत ठेवूनच मी फोटो काढले होते आणि शू-ट्री वळ्या ताणून सपाट करते. शिवाय प्रकाश वरून होता. म्हणून या पत्रासोबत नवे फोटो आणि एक चित्रफीत जोडत आहे: शू-ट्री काढून, सकाळच्या तिरक्या उन्हात, बूट हाताने वाकवताना. ते ग्राहकसेवेतल्या कुणी न पाहता आपल्या कटिंग विभागातल्या अनुभवी कारागिराने पाहावेत. त्याला दहा सेकंद पुरतील.

माझी मागणी मर्यादित आहे. याच मापाचा, याच कलबुतावरचा (ज्या साच्यावर बूट घडवतात त्यावरचा) दुसरा जोड, दोन्ही चवडे सारख्या घट्ट चामड्याचे असलेला. तो नसेल तर २८,५०० रुपये परत. नेण्या-आणण्याचा खर्च आपला. मनस्तापाची भरपाई मागत नाही. हे पत्र आहे, नोटीस नव्हे. दोन्हींतला फरक माझ्या पेशामुळे मला नीट माहीत आहे. पण पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मधील 'दोष' या व्याख्येचा आधार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मुदत दोन वर्षांची आहे, मला घाई नाही.

१० डिसेंबरपासून बूट घातलेले नाहीत. ते मूळ खोक्यात, कापडी पिशव्यांसह तयार आहेत. क्रीमची बाटली सीलबंद आहे, तीही त्याच खोक्यात ठेवली आहे. आपला माणूस कोणत्याही दिवशी सकाळी दहाच्या आत येऊ दे, नंतर मी कोर्टात असतो.

आपला,
बिलावर नाव असलेला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, आठ फोटो, एक चित्रफीत, न वापरलेले सवलतीचे कूपन