नियम सैल नकोत, जवानामागे वकील हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहशतवाद्यांशी लढणाऱ्या जवानांचे हात नियमांनी बांधून ठेवलेत, ते मोकळे करा, असा सूर सध्या आपल्या पत्रसदरात दिसतो आणि बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कट्ट्यांवरही ऐकू येतो. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात आहे, गावोगावी फौजी घरे आहेत. त्यामागची तळमळ आम्हा माजी सैनिकांना कळते. पण नियम नेमका कुठे आडवा येतो हे न पाहता केलेली ही मागणी उद्या जवानाच्याच अंगावर येईल.

अशांत घोषित भागात सैन्याला विशेष अधिकार देणाऱ्या 1958 च्या अफस्पा कायद्याचे कलम 4 गोळी चालवण्याचा अधिकार देते, तोही इशारा दिल्यानंतर, आणि फक्त अधिकारी, जेसीओ (सुभेदार वगैरे) व एनसीओंना (नायक, हवालदार वगैरे). म्हणजे सेक्शनचा, अर्थात छोट्या तुकडीचा, नायक किंवा हवालदार हा निर्णय घेतो. शिपायाकडे कोणाही नागरिकाला असतो तो स्वसंरक्षणाचा हक्क उरतो. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला, त्याच वेळी लष्कराची ‘काय करावे, काय करू नये’ ही यादीही बंधनकारक केली. पकडलेला माणूस लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायचा, जप्त हत्यारांची यादी सोबत जोडायची, महिला पोलीस नसेल तर बाईची झडती घ्यायची नाही. काश्मीरसाठी 1990 चा वेगळा कायदा आहे, गाभा तोच. समोरून गोळी आली तरी थांबा, असे यात कुठेही लिहिलेले नाही.

खरी कोंडी होते तपासणी नाक्यावर. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. थांबण्याची खूण 50 मीटरवर केली तर हवालदाराच्या हातात तीन सेकंद राहतात. तेवढ्यात ओरडायचे, आत कोण आहे ते पाहायचे, हत्यार आहे का ते ठरवायचे आणि हुकूम द्यायचा. रात्री तर हेडलाइट थेट डोळ्यांवर असतो, काचेआडचा माणूस दिसतच नाही. म्हणून नाका मांडतानाच वेळ कमवावा लागतो. पहिला फलक आणि दिवा शंभर-दीडशे मीटर अलीकडे. मग ड्रम असे आडवेतिडवे लावायचे की गाडी दुसऱ्या गिअरवर यावीच. त्यापुढे खिळ्यांची पट्टी, आणि शेवटी आडोशाला कव्हर पार्टी, म्हणजे पुढच्यांच्या रक्षणासाठी रायफल रोखून बसलेले जवान. पट्टीवर टायर फुटला की गोळी चालवायची वेळ सहसा येत नाही. घाईत लावलेल्या नाक्यावर ड्रम दोनच असतात, पट्टी दुसरीकडे गेलेली असते. मग उरते ती रायफल. भाषेचाही प्रश्न आहेच. आपल्या सीमाभागातल्या पोराला मराठी, कन्नड, हिंदी येते; पण नागालँडच्या कोन्याक जमातीच्या ड्रायव्हरला त्याचे ‘रुको’ इंजिनाच्या आवाजात कळेल याचा भरवसा नाही. फलक स्थानिक भाषेत हवा आणि नाक्यावर स्थानिक पोलीस हवाच.

3 नोव्हेंबर 2014 रोजी बडगाममधल्या छत्तरगामला नाक्यावर न थांबलेल्या मोटारीवर गोळीबार झाला आणि दोन तरुण गेले. उत्तर कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल डी. एस. हुडा यांनी चूक जाहीरपणे मान्य केली. 4 डिसेंबर 2021 ला नागालँडच्या ओटिंगजवळ दबा धरून बसलेल्या 21 पॅरा या लष्कराच्या विशेष दलाच्या तुकडीने ओळख न पटवता पिकअपवर गोळ्या झाडल्या. सहा खाण कामगार मेले, नंतर उसळलेल्या जमावात आणखी गावकरी आणि एक जवानही गेला. ही 21 पॅरा म्हणजे मूळची 21 मराठा लाईट इन्फंट्री, तेव्हा हा विषय बेळगावपासून दूरचा नाही. चुकीची एक गोळी अख्खे गाव विरोधात उभे करते आणि खबर देणारी माणसे गप्प होतात. पुढच्या गस्तीला त्याची किंमत मोजावी लागते, म्हणून नियम सैल करायला आमचा ठाम विरोध आहे.

आमची मागणी गोळीबारानंतरच्या काळाबद्दल आहे. अफस्पाच्या कलम 6 प्रमाणे केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला चालत नाही. पण मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींबद्दलच्या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जादा बळ वापरल्याच्या आरोपाची चौकशी टळत नाही. ती याचिका 2012 ची, आणि त्यातले 1528 मृत्यू 1979 पासूनचे. इतक्या वर्षांनी जबाब द्यायचा तर हाताशी कागद लागतो. किती राऊंड इश्यू झाले, किती झाडले, किती परत आले, रिकाम्या पुंगळ्या किती सापडल्या, इशारा कोणी, किती वाजता, कोणत्या भाषेत दिला, हुकूम कोणाचा, सोबत पोलीस कोण होता. हे त्याच रात्री लिहून सह्या झाल्या पाहिजेत आणि जवानाला त्याची प्रत मिळाली पाहिजे.

अग्निवीराचे तर आणखी अवघड. चार वर्षांनी बहुतेक पोरे घरी येणार. चौकशीचे समन्स खानापूरच्या घरी दहा वर्षांनी आले तर वकिलाची फी, इंफाळचा प्रवास, राहण्याचा खर्च कोण करणार? सेवेतल्या कृत्याबद्दल पहिल्या जबाबापासून सरकारी खर्चाने वकील, आणि हे संरक्षण सेवा संपल्यावरही लागू, असा लेखी आदेश भरतीच्या कागदांसोबतच पोराच्या हातात पडायला हवा. खटल्याच्या परवानगीचा निर्णयही ठरावीक मुदतीत व्हावा, होकार असो की नकार. ओटिंग प्रकरणात घटनेपासून नकार यायला वर्षाहून जास्त लागले. तेवढा काळ मेलेल्यांची घरे आणि जवानांची घरे दोन्ही टांगणीला होती. बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपले,
काही माजी सैनिक, खानापूर तालुका, जि. बेळगाव