लाल शाईच्या पानांबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, ही अट आपण फोनवर घातली होती आणि ती मी पाळतो आहे. मात्र आपले आभार खासगीत मानून माझे समाधान होत नाही, कारण आपण मला जे दिले ते आमच्या व्यवसायात सहसा कोणी कोणाला देत नाही, आणि ते नेमके काय होते हे माझ्यासारख्या इतर आरसीसी कन्सल्टंट मंडळींनाही कळावे असे वाटते. म्हणून हे पत्र उघडे ठेवले आहे.

औसा तालुक्यातील एका वाडीसाठी 50,000 लिटरच्या उंच टाकीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझी बारा वर्षांची प्रॅक्टिस बंगले, दुकानगाळे आणि तीन-चार मजली इमारती यांतच गेलेली होती. चार खांब, 12 मीटर उंचीचे स्टेजिंग (टाकीला उचलून धरणारा खांबांचा सांगाडा) आणि वर गोल टाकी, असे ते काम कागदावर अगदी किरकोळ दिसत होते. एका परिचितांकडून आपला क्रमांक घेऊन मी आपल्याला एवढेच विचारले होते की, अशा टाकीची एखादी तयार एक्सेल शीट आपल्याकडे असेल का. आपण म्हणालात, "शीट आहे, पण ती मिळणार नाही. फाईल देतो." मला ते उत्तर थोडे लागले, हे आता कबूल करायला हरकत नाही. चार दिवसांनी कुरिअरने एक जाडजूड पाकीट आले.

त्या पाकिटात आपल्या हस्ताक्षरातील जुन्या टाक्यांच्या गणिताच्या झेरॉक्स होत्या, आणि त्यांच्यामध्ये तीन मूळ पाने होती, निळ्या शाईच्या गणितावर लाल शाईने काट मारलेली. प्रत्येक काटेशेजारी "येथे चुकलो" असे लिहिलेले, आणि त्याखाली चूक कशी झाली, कोणाच्या लक्षात आली आणि ती साइटवर जाण्याआधी सापडली की नंतर, याची चार-पाच ओळींची नोंद. मी उमेदवारी केली त्या कार्यालयात मानकांच्या, म्हणजे बांधकामाच्या नियमपुस्तिकांच्या, प्रती कपाटात कुलपाआड असत आणि एखादे कलम पाहायचे असले तरी साहेब येईपर्यंत थांबावे लागे. तेथे कोणाच्या चुकीचा कागद दुसऱ्या दिवशी शिल्लक राहिल्याचे मला आठवत नाही. जमलेल्या कामाची ड्रॉइंग तर लोक मागितल्यावाचूनही दाखवतात. आपण फसलेल्या गणिताची मूळ पाने, आणि तीही एका अनोळखी माणसाला, टपालखर्च स्वतः सोसून पाठवलीत.

पहिल्या लाल पानानेच माझे डिझाइन उघडे पाडले. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर खांब असले की आपण भूकंपाचे बल सवयीने चौरसाच्या बाजूंना समांतर धरतो. मीही स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बल एक्स आणि झेड या दोनच दिशांना दिले होते आणि सॉफ्टवेअरने, जे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे या त्याच्या स्वभावानुसार, काहीही तक्रार केली नव्हती. आपण पानावर साधे आकडे घेतले होते: टाकी उलथवू पाहणारा मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) 100 टन-मीटर आणि खांबांतील अंतर 4 मीटर. बल बाजूला समांतर असेल तर तो मोमेंट दोन-दोन खांबांच्या जोड्या मिळून पेलतात आणि प्रत्येक खांबावर 12.5 टन अक्षीय, म्हणजे खांबाच्या लांबीच्या दिशेचा, भार वाढतो किंवा घटतो. तेच बल कर्णाच्या दिशेने आले की मधले दोन खांब तटस्थ रेषेवर, जिथे भार ना वाढतो ना घटतो, बसून स्वस्थ राहतात आणि सगळा मोमेंट समोरासमोरच्या दोनच खांबांवर येतो. कर्णाची लांबी 5.66 मीटर, म्हणून प्रत्येकी 17.7 टन. म्हणजे जवळजवळ दीडपट. ब्रेससाठी (खांबांना एकमेकांशी जोडणाऱ्या आडव्या बीमसाठी) बाजूची दिशा घातक आणि खांबासाठी कर्णाची, ही दोन वाक्ये आपण लाल शाईने चौकटीत लिहिली होती, आणि त्याखाली, "भूकंपाला आपले अक्ष ठाऊक नसतात." मी त्याच रात्री फाइल पुन्हा उघडली. खांबांतील सळई वाढली, फुटिंग (खांबाखालचा पाया) मोठे झाले, आणि टाकी रिकामी असताना खांब वर उचलला जातो का ही तपासणी, जी मी केलीच नव्हती, ती प्रथमच केली.

दुसऱ्या पानाने मला पुन्हा साइटवर धाडले. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली पत्थर. पण मुरूम किती खोलीवर लागेल हे दहा पावलांवरही बदलते. मी नेहमीप्रमाणे दोन चाचणी खड्डे घेऊन चारही फुटिंग काढली होती. आपण फोनवर पहिला प्रश्न विचारलात तो खड्डे किती घेतले हा, आणि मी "दोन" म्हटल्यावर काही क्षण काहीच बोलला नाहीत. उरलेल्या दोन खांबांखाली खणले तेव्हा एकीकडे कठीण मुरूम 1.8 मीटरवर आणि दुसरीकडे 2.9 मीटरवर लागला. प्रत्येक फुटिंग आपापल्या खोलीवर टेकवून काम पुढे नेणे हा कंत्राटदाराचा आग्रह होता आणि आपल्याला विचारले नसते तर मी तो मान्यही केला असता, कारण जमिनीच्या दाबाच्या दृष्टीने त्यात काहीच वावगे नव्हते. आपण दाखवून दिलेत की खांबांची लांबी असमान झाली की त्यांचा ताठरपणाही असमान होतो. आखूड खांब अधिक बल स्वतःकडे ओढून घेतो आणि टाकी नुसती झुलत नाही, पिळते. चारही फुटिंग एकाच पातळीवर उतरवा, आणि जमिनीलगतची ब्रेस कोणत्याही कारणाने गाळू नका, असा आपला निर्णय होता.

पिळण्याचा विषय निघाला आणि आपण किल्लारीच्या टाकीचे सांगितलेत. 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची, मला सात वर्षांच्या मुलाला आठवेल तेवढीच आठवते: 3 वाजून 56 मिनिटे, अंगणात उभी असलेली सगळी आळी, आणि आजीने घट्ट धरलेले मनगट. आमच्या भागात त्या भूकंपाचे बोलणे निघते ते नेहमी मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे. त्याच भूकंपात एक उंच टाकी बाजूला न कलंडता सरळ खाली बसली आणि तिचे सहा खांब तिच्याच तळाखाली गाडले गेले, हे लातूर जिल्ह्यात वाढलेल्या मला आपल्याकडून कळावे, याचे मला वैषम्य वाटले. अभ्यासकांनी त्याचे कारण पिळण्याच्या कंपनांत शोधले, आणि झुलण्याचा व पिळण्याचा आवर्तनकाल एकमेकांच्या जवळ आले की अशा टाकीत थोडीशी असमानताही मोठी होते, हे आपण इतक्या सावकाश समजावलेत की मी मध्येच बोलणे थांबवून हिशेब मांडला. तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा परिसर सर्वांत सौम्य अशा पहिल्या झोनमध्ये होता. 2002 च्या नकाशात तो तिसऱ्यात आला.

संदर्भसाहित्याबद्दल लिहायचे तर आपण सुचवलेली आयआयटी कानपूर आणि गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांची द्रवसाठा टाक्यांची मार्गदर्शिका मला सर्वाधिक उपयोगी पडली. सुधीर जैन आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे ओ. आर. जैस्वाल यांनी ती तयार केली, हे समजल्यावर उगाचच जवळचे काही सापडल्यासारखे वाटले. तिच्यात 50 घनमीटरच्याच, चार खांबांवरच्या टाकीचे सोडवलेले उदाहरण आहे. पाण्याचा सुमारे 65 टक्के भाग भिंतींबरोबर हलतो आणि उरलेला 35 टक्के स्वतःच्या संथ लयीत, सव्वादोन सेकंदांच्या आसपासच्या आवर्तनाने, हिंदकळतो, हे त्या उदाहरणात आकड्यांनी पाहिले तेव्हा कुठे दोन वस्तुमानांची कल्पना डोक्यात बसली. आता भारतीय मानक ब्युरोची मानके नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात, त्यामुळे कपाटाच्या कुलपाचे दिवस सरले आहेत. पण कलम हाती असणे आणि ते कोणत्या टाकीत कोणाला नडले हे माहीत असणे यांत जे अंतर आहे, ते आपल्या लाल शाईने भरून काढले.

तिसरे पान रिंगांचे, म्हणजे खांबाच्या उभ्या सळयांभोवती गुंडाळायच्या कड्यांचे, होते. त्यातील गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि साइटवर रोज मोडली जाते: रिंगेचा हूक 90 अंशांवर न सोडता 135 अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळला पाहिजे. आपल्या सूचनेवरून मी फिटरला एक रिंग स्वतःच्या हाताने वाकवून दाखवायला गेलो. ती माझ्याकडून धड वाकली नाही, तो हसला, आणि पुढच्या सगळ्या रिंगा त्याने बिनचूक वळवल्या.

आणखी एका गोष्टीसाठी आपला ऋणी आहे, जरी ती तेव्हा कठोर वाटली होती. बदललेले डिझाइन मी आपल्याला पाठवले आणि "एकदा नजर टाकून ठीक आहे एवढे कळवावे" अशी विनंती केली. आपण नजर टाकलीत, दोन ठिकाणी प्रश्नचिन्हे केलीत, पण "ठीक आहे" हे लिहिले नाहीत. ड्रॉइंगवर सही माझी आहे, तेव्हा ठीक आहे हे मीच म्हणायचे, असे आपण कळवलेत. सल्ला देणाऱ्याने कुठे थांबावे, याबद्दल आमच्या व्यवसायात फारसे बोलले जात नाही. फोनवर सांगितलेल्या सळईच्या भरवशावर स्लॅब ओतले गेले आहेत आणि नंतर कोणी काय सांगितले होते याचा वाद झाला आहे, हे आपण माझ्याहून अधिक पाहिले असणार.

टाकी पूर्ण झाली. पाणी भरून काँक्रीटला ते शोषू देण्यासाठी सात दिवस आणि त्यानंतर निरीक्षणाचे सात दिवस ठेवले; बाहेरची बाजू कोरडी राहिली. तळाच्या बीमजवळ एका ठिकाणी तळहाताएवढा ओलावा दिसला तेव्हा माझी झोप उडाली होती, पण तो क्युरिंगच्या पोत्याचा निघाला.

तीन लाल पाने मी स्पीड पोस्टाने परत पाठवत आहे, झेरॉक्स मात्र ठेवून घेतल्या आहेत. पाकिटात आणखी दोन कागद सापडतील. सहा खांबांच्या टाकीत ब्रेसवरचा कमाल मोमेंट बल कोणत्या कोनात असताना येतो हे स्वतः काढून पाहा, असे आपण निरोप घेताना म्हणाला होतात. मी ते दोनदा काढले आणि उत्तरे दोन वेगळी आली. कोणते चुकले हे अजून उमगलेले नाही, म्हणून दोन्ही कागद काहीही न खोडता जसेच्या तसे ठेवले आहेत. लाल शाई आपली.

आपला कृतज्ञ,
लातूरहून एक कनिष्ठ व्यवसायबंधू