सूचना : मेल फिल्टरमध्ये एन्क्रिप्टेड जोडणी

सर्व सदस्यांसाठी,

मेल फिल्टर (मेल तपासणारा प्रोग्राम) लावल्यावर मेल येणं बंद झालं, अशी तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा घोळ एकच असतो : एसएसएल (जोडणी एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे इतरांना वाचता येऊ नये अशी करणारी पद्धत) चुकीच्या टोकाला चालू केलेलं असतं.

फिल्टर मध्ये बसतो. तुमचा मेल प्रोग्राम फिल्टरशी बोलतो आणि फिल्टर सर्व्हरशी. मेल प्रोग्राम आणि फिल्टर एकाच संगणकावर असतील, तर मेल प्रोग्राममध्ये सर्व्हर म्हणून १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) आणि फिल्टरने दिलेला पोर्ट (जोडणीचा क्रमांक) टाका. फिल्टर त्या बाजूला साधीच जोडणी घेत असेल, तर तिथलं एसएसएल बंद ठेवा. ही वाहतूक संगणकाबाहेर जातच नाही. खऱ्या सर्व्हरचं नाव फिल्टरमध्ये द्या आणि एन्क्रिप्शन तिथे चालू करा. मेल घेण्याच्या दोन पद्धती आहेत : पीओपीसाठी पोर्ट ९९५, आयमॅपसाठी ९९३. ११० आणि १४३ हे जुने, साधे पोर्ट. त्यांवर एन्क्रिप्शन हवं असल्यास स्टार्टटीएलएस (साधी जोडणी सुरू करून मग ती एन्क्रिप्ट करणं) लागतं. ९९५ वर स्टार्टटीएलएस निवडलं, तर जोडणी नुसती लटकून राहते आणि शेवटी 'टाइमआउट' दिसतं.

मेल पाठवण्यासाठी पोर्ट ४६५ किंवा ५८७. फिल्टर फक्त येणारी मेल तपासत असेल, तर इकडे हातच लावू नका.

सर्टिफिकेटची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) तक्रार आली, तर 'तपासणी बंद करा' हा पर्याय कृपया वापरू नका. आधी सर्व्हरचं नाव तपासा. आयपी पत्ता टाकला असेल, तर सर्टिफिकेटवरच्या नावाशी सहसा जुळत नाही. संगणकाची तारीखही बघून घ्या. फिल्टर फार जुना असेल, तर त्याला टीएलएस १.२ (एसएसएलची पुढची आवृत्ती) येत नसण्याची शक्यता आहे. तसं असेल तर फिल्टरची नवी आवृत्तीच घ्यावी लागेल.

अडल्यास एररचा पूर्ण मजकूर पाठवा. पासवर्ड मात्र झाकून.